चित्रफितींसाठी दुसरी हार्ड डिस्क

हल्ली पुष्कळ शाळांतून गुरुजी आणि बाई धड्यांचं, स्नेहसंमेलनाचं, गावातल्या एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं चित्रण करून ठेवतात. काम मोठं चांगलं. पण थोड्याच महिन्यांत शाळेच्या संगणकावर जागा संपल्याची सूचना झळकू लागते, आणि कुणीतरी म्हणतं, "जुनं पुसून टाका ना!" पुसायचं काय? धडे, की ओव्या? त्यापेक्षा संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवावी.

आधी हिशेब मांडू. कॅमेरा सेकंदाला 50 मेगाबिट या दरानं चित्रण करीत असेल, तर 8 बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट झाले. तासाचे साडेबावीस गिगाबाइट. म्हणजे 1 टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे 44 तास मावतील. गंमत पाहा, आयबीएम कंपनीनं 1956 साली काढलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात 50 भल्यामोठ्या तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत 50 लाख अक्षरं. आपलं एका सेकंदाचं चित्रणसुद्धा त्यात बसलं नसतं!

जागेखेरीज वेगाचाही प्रश्न आहे. हार्ड डिस्कमधली तबकडी ग्रामोफोनसारखी फिरते, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे. वाचणारी भुजा मात्र तिला न टेकता वरून सरकते. संकलन करताना एकाच भुजेनं मूळ चित्रण वाचायचं आणि तयार फीतही लिहायची म्हटलं, की ती सारखी इकडून तिकडे पळते. एकाच बैलजोडीनं मोटही ओढायची आणि नांगरही, तसंच हे. तुमच्या संगणकात आधीची डिस्क एसएसडी असेल, तर तिला भुजाच नसते. तिथं दुसऱ्या डिस्कचा फायदा मुख्यतः जागेचा.

डिस्क विकत आणण्यापूर्वी संगणकाचं झाकण उघडून आत साडेतीन इंची डिस्कचा रिकामा कप्पा आहे ना, मदरबोर्डवर साटा केबलची जागा मोकळी आहे ना, हे बघून घ्या. बसवताना संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा, आणि आत हात घालण्याआधी खोक्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग स्क्रूनं डिस्क घट्ट बसवा. केबली दोनच: अरुंद ती मदरबोर्डची, रुंद ती विजेची. त्या एकाच बाजूनं बसतात. जोर करू नका. विजेची केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या संगणकाच्या पॉवर सप्लायची सुटी केबल मात्र लावू नये. टोक बसतं, पण आतल्या तारांची जुळणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळते.

आता विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. इथं घाई नको, बरं का. नवी डिस्क 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. तिचा आकार वाचून खात्री करा, मगच पुढं जा. जुनीवर चुकून 'फॉरमॅट' दिलंत, तर ओव्या गेल्याच म्हणा. पद्धत जीपीटी निवडा, कारण एमबीआर पद्धतीत 2 टेराबाइटपुढची जागा वापरता येत नाही. फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. फॅट-32 मध्ये एक फाइल 4 गिगाबाइटपेक्षा मोठी होत नाही, आणि आपल्या हिशेबानं तेवढी जागा 11 मिनिटांतच भरते.

चित्रण नव्या डिस्कवर नेताना 'कट' नको, 'कॉपी' करा. प्रत्येक फीत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहा. त्यानंतर जुनी प्रत पुसायला हरकत नाही, असं वाटेल. पण ती पुसली की पुन्हा एकच प्रत उरली! दुसरी डिस्क बसवली म्हणजे दुसरी प्रत झाली, असा समज सर्रास आढळतो. वीज कडाडली, तर एकाच खोक्यातल्या दोन्ही डिस्का एकदम जाऊ शकतात. तेव्हा न मिळणारं चित्रण बाहेरच्या एका सुट्या डिस्कवर उतरवून ती शाळेबाहेर, कुणाच्या तरी घरी कपाटात ठेवावी, आणि वर्षातून एक-दोनदा जोडून बघावी.

राहिलं एक काम. संकलनाच्या प्रोग्रॅमला फायली कुठं ठेवायच्या हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. तिथं नव्या डिस्कवरचं फोल्डर दाखवा. नाहीतर तो आपला जुनीच भरत राहील.