बाळाच्या तोंडाला वास येतो?

हरभऱ्याच्या राशीचे दिवस होते. मुरूडजवळच्या वस्तीवरची एक आई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, लेकराच्या तोंडाला लई घाण वास यायलाय. जंताचं औषध द्या." मी तोंड पाहिले. दात, घसा ठीक. मात्र उजव्या नाकपुडीतून पिवळा, दुर्गंधीयुक्त शेंबूड येत होता. डावी कोरडी होती. नाकात हरभऱ्याचा दाणा फुगून बसला होता. तो काढला आणि दोन दिवसांत वास गेला.

बाळाच्या तोंडाला वास आला की आपण जंतांना दोष देतो. खरी कारणे बहुधा तोंडात, नाकात किंवा घशात असतात.

झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी थोडा वास येणे स्वाभाविक आहे. सर्दीने नाक बंद झाले की बाळ तोंडाने श्वास घेते, तोंड कोरडे पडते आणि वास वाढतो. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे दात किडतात. तोंड येणे आणि टॉन्सिल सुजणे हीही कारणे आहेत.

उपाय साधे आहेत. स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात येताच मऊ ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून, दिवसातून दोनदा दात घासावेत. वास जावा म्हणून मध चाटवू नये. वर्षाच्या आतील बाळाला मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

एकाच नाकपुडीतून घाण स्राव येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे. घरी चिमटा, पिन घालू नये. वस्तू आणखी आत सरकते. पाणीही सोडू नये, दाणा फुगतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा सेल गेल्याची शंका असेल, तर वास येण्याची वाट पाहू नका. तो दोन तासांत आतली त्वचा जाळू लागतो. तडक रुग्णालय गाठा.

श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, त्यासोबत उलट्या, सुस्ती, वारंवार लघवी आणि जोराचा श्वास असेल, तर मधुमेहाची शक्यता असते. अशा वेळी रात्र काढू नये.

तेव्हा मातांनो, जंताचे औषध मागण्याआधी लेकराच्या दोन्ही नाकपुड्या उजेडात एकदा नीट पाहा.