फरशी पॉलिश मशीनची देखभाल : वाराणसीतील कारागीर लाभार्थ्यांसाठी माहिती

वाराणसीत दगडाच्या फरशीचे काम वर्षभर चालते. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या काशी विश्वनाथ धामात मकराना संगमरवर आणि चुनारचा दगड वापरला आहे. पंचगंगा घाट, ब्रह्मा घाट परिसरातील जुनी घरे, धर्मशाळा आणि नवी हॉटेले येथेही फरशी घासून पॉलिश करणाऱ्या कारागिरांना मागणी असते. यातील अनेकांनी मशीन कर्ज काढून घेतलेले असते. मशीन बंद पडले तरी हप्ता थांबत नाही. म्हणून ही माहिती.

कोणती योजना लागू होते?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. फरशी पॉलिश असे वेगळे नाव त्या यादीत नाही. मात्र राजमिस्त्री हा व्यवसाय आहे. जो स्वतः गवंडीकाम करतो आणि सोबत पॉलिशही करतो, तो राजमिस्त्री म्हणून अर्ज करू शकतो. योजनेत १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी ई-व्हाउचर, तसेच ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळते. पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत (१८ महिने) आणि दुसरा २ लाख रुपयांपर्यंत (३० महिने) असतो. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते.

जे फक्त पॉलिशचेच काम करतात, त्यांनी बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करावी. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते.

हप्ता आणि देखभाल यांचा संबंध

१ लाख रुपये, १८ महिने, ५ टक्के व्याज धरल्यास मासिक हप्ता सुमारे ५,८०० रुपये येतो. पहिल्या कर्जाचे खाते नियमित असेल तरच दुसऱ्या टप्प्याचा मार्ग मोकळा होतो. ऐन हंगामात मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च होतोच, शिवाय काम दुसऱ्याकडे जाते. दररोजची १५ मिनिटांची देखभाल त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

काम सुरू करण्यापूर्वी

• वायर पूर्ण उलगडून पाहा. कुठे सोललेली किंवा टेपने जोडलेली असेल तर बदला. पाण्यात पडलेला जोड जिवावर बेतू शकतो.
• तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग असल्याशिवाय मशीन लावू नका. जुन्या घरात अर्थिंग नसण्याची शक्यता असते. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
• ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेला स्वतःचा बोर्ड सोबत ठेवा. करंट गळू लागताच ती वीज तोडते.
• लांब आणि बारीक एक्स्टेंशन वायर वापरू नका. व्होल्टेज उतरते आणि मोटर तापते.
• पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. फार सैल पट्टा घसरतो, फार ताणलेला बेअरिंग खातो.

काम करताना

पॉलिशचे दगड क्रमाने वापरा. मोझेकसाठी सहसा ६०, मग १२० आणि शेवटी ३२० नंबर. एक नंबर गाळला तर ओरखडे राहतात आणि मशीन जास्त वेळ चालवावे लागते. एका डिस्कचे सगळे दगड एकदमच बदला. एक नवा आणि बाकीचे झिजलेले असले की मशीन थरथरते आणि भार शाफ्टवर येतो.

पाणी सतत चालू ठेवा. चुनारचा दगड वालुकाश्म आहे. तो कोरडा घासल्यास सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. पाणी चालू असले तरी मास्क आणि रबरी बूट घालाच.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असे दिसताच बटण बंद करा. सिंगल फेज मशीनमध्ये बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो; थ्री फेजमध्ये एक फेज येत नसतो. पुन्हापुन्हा बटण दाबल्यास वाइंडिंग जळते.

काम संपल्यावर

• प्लग काढूनच सफाई करा.
• डिस्क आणि शाफ्टभोवतीचा गाळ ओला असतानाच धुवा. वाळल्यावर तो सिमेंटसारखा घट्ट होतो. मोटरवर थेट पाणी मारू नका.
• ऑक्झॅलिक ॲसिड वापरले असेल तर लोखंडी भाग स्वच्छ पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर गंज चढतो. ते विषारी आहे. मुलांपासून दूर ठेवा.
• गाळ नालीत टाकू नका. बादलीत बसू द्या, वरचे पाणी काढा आणि घट्ट भाग मलब्यासोबत द्या.

ठरावीक काळाने

आठवड्यातून एकदा नट-बोल्ट कसा. ग्रीस आणि गिअर तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच भरा. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते. कोपऱ्यांसाठीच्या हातमशीनचे कार्बन ब्रश झिजले की जोडीने बदला. पावसाळ्यात किंवा गंगेच्या पुरानंतर ओलीत राहिलेले मशीन थेट सुरू करू नका. मेगर लावून मोटरचे इन्सुलेशन तपासून घ्या.

हे विसरू नका

मशीनचे जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. वॉरंटीत असूनही विक्रेता दुरुस्ती टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांपर्यंत अपघात विमा मिळतो. वय १८ ते ७० आणि बँक खाते आवश्यक आहे. मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकाम मजुरी केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही करून घ्यावी.