घरातील संगणक आणि ब्रॉडबँडचा मॉडेम

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नामावली असावी. संगणकाच्या जोडणीवर लेख कशाला, असे काही सभासदांस वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

सन २०२३ च्या जून महिन्यातील गोष्ट. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरण्याचा अखेरचा दिवस होता. आदल्याच दिवशी आमच्या कचेरीत नवा मॉडेम बसविला होता. त्याचे दिवे व्यवस्थित लागले होते, तरी संगणकावर काही उघडेना. मुले व पालक दिवेलागणीपर्यंत ताटकळत बसले. अखेर नऊ अर्ज बाजारातील एका दुकानातून भरून घेतले. दोन मुलांचे पालक तोवर गावी परतले होते, त्यांचे अर्ज राहिले ते राहिलेच. दुसऱ्या दिवशी आलेल्या माहितगाराने दोन मिनिटांत दोष दूर केला. तो दोष आम्हांस ओळखता आला असता, ही चुटपुट अजून आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या जुन्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडे असत, पण टपालवाल्यास ठाऊक असे तो वाड्याचा एकच पत्ता. दिंडीदरवाजावरचा माणूस टपाल घेऊन ज्याचे त्यास पोचवी. मॉडेम हा तसाच देवडीवरचा माणूस होय. बाहेरच्या जगास तोच दिसतो; आतील संगणक, फोन व छपाईयंत्र यांस तो आतले क्रमांक वाटून देतो. बाहेरचे क्रमांक जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. म्हणून घरगुती वापरासाठी काही क्रमांक राखून ठेवण्याचा नियम १९९६ साली झाला. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक त्यांपैकीच. क्रमांक आपोआप वाटण्याच्या या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात.

आता आमचा दोष. कचेरीतील छपाईयंत्र सर्वांस वापरता यावे म्हणून कोणी एकाने पूर्वी आमच्या संगणकास १९२.१६८.१.५० हा क्रमांक कायमचा लिहून दिला होता आणि दरवाजा म्हणून जुन्या मॉडेमचा १९२.१६८.१.१ हा क्रमांक. नव्या मॉडेमचा क्रमांक मात्र १९२.१६८.२९.१ होता. बिऱ्हाड नव्या वाड्यात आले, पण माणूस जुन्याच दिंडीवर थाप मारीत राहिला! दार उघडणार कसे?

उपाय सोपा आहे. विंडोज ११ च्या संगणकावर ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ येथे जावे. तार जोडलेली असल्यास ‘इथरनेट’ निवडावे. वाय-फाय असल्यास त्या जोडणीचे गुणधर्म उघडावेत. तेथे ‘आयपी असाइनमेंट’ समोरील ‘एडिट’ दाबून ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ ठेवावे व ‘सेव्ह’ करावे. त्याखालील ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ हेही तसेच ठेवावे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी व्यवस्था. ज्या यंत्रास कायमचा क्रमांक हवाच, त्याच्यासाठी तो मॉडेमच्या यादीत राखून ठेवावा, यंत्रावर लिहू नये. म्हणजे यादी एकाच जागी राहते.

जोडणी बंद पडल्यास पुढील क्रमाने पाहावे :

१. मॉडेमचे दिवे. फायबरच्या मॉडेमवर ‘एलओएस’ हा दिवा तांबडा लागला, तर मॉडेमपर्यंत प्रकाशाचा संकेतच पोचत नाही. तेथे संगणकात काही बदलू नये, कंपनीस कळवावे.

२. संगणकाचा क्रमांक. तो वरील पानावरच दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने क्रमांक मागितला पण कोणी दिला नाही, असे समजावे. तार घट्ट बसवावी, मॉडेम बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा.

३. क्रमांक ठीक असेल, पण पडद्यावरील संदेशात ‘डीएनएस’ ही अक्षरे येत असतील, तर नाव शोधण्यात अडचण आहे. तेथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक क्रमांक घालून पाहावा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. मॉडेमच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालू नये. त्याने आतील सर्व नोंदी पुसल्या जातात, आणि कित्येक जोडण्यांत कंपनीने दिलेले नाव व परवलीचा शब्द त्यातच असतो. तसेच मॉडेमचा मूळचा परवलीचा शब्द बदलून नवा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा.

काहीही बदलण्यापूर्वी जुने आकडे कागदावर टिपून घ्यावेत, ही आमची शेवटची विनंती. कचेरीत आता तशी वही ठेवली आहे. सभासदांनी ती अवश्य पाहावी. आणि अर्ज भरावयाचे असल्यास अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये.