दहा रुपयांची झिंग

दारू पिऊन चौकात आरडाओरडा करणाऱ्याला 1860च्या भारतीय दंड संहितेत जास्तीत जास्त 24 तासांची साधी कैद किंवा 10 रुपये दंड होता. हा आकडा तब्बल दीड शतकाहून अधिक काळ तसाच राहिला.

1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 355ने दंड 1000 रुपयांपर्यंत नेला आणि समाजसेवेची शिक्षाही आणली. ही सुधारणा स्वागतार्हच.

पण प्रकरण तिथेच थांबेल असे नाही. समोरच्याला चिथावण्यासाठी जाणूनबुजून शिवीगाळ केली, तर कलम 352खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी शब्द उच्चारले, तर कलम 79खाली तीन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याचे कलम 85 वेगळेच.

पोलीस अशा माणसाला सरकारी रुग्णालयात नेतात. डॉक्टर तोंडाचा वास, बोलण्यातली अडखळ, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून नोंद करतात, रक्ताचा नमुना घेतात. खटल्यात हाच कागद बोलतो.

‘शुद्धीत नव्हतो’ हा बचाव मात्र टिकत नाही. कोणी नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तरच कायदा त्याचा विचार करतो.