कोठाराची किल्ली

गावाला पुढारी का लागतो, आणि तो पुढारी सर्वांच्या वरचा कसा होऊन बसतो, हे दोन प्रश्न आपण बहुधा एकच समजतो. वस्तुतः ते निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर गरजेत सापडते, दुसऱ्याचे वारशात.

याचा फार जुना पुरावा आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांनी दगडमातीचा बंधारा घातला, पाण्याचा पाट खणला. ही कामे एकट्यादुकट्याची नव्हेत. माणसे जमवणारा कोणीतरी हवाच. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर निघाले, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पुरलेला होता. तेथील इतर प्रौढांचे पाय पुरण्यापूर्वी घोट्याखाली तोडीत. याचे पाय मात्र शाबूत होते. हा त्या वस्तीचा प्रमुख असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

येथे कोठार महत्त्वाचे. अवर्षणात धान्य मोजून देणारा हात गावाला हवा असतो. पण तोच हात पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराचा राहिला, की सोय हक्क बनते आणि हक्काची उतरंड रचली जाते.

पुढील काळातील वतनसंस्थेत हेच घडले. पाटलाने वसूल करावा व तंटे तोडावेत, कुलकर्ण्याने दप्तर ठेवावे, बलुतेदारांनी सेवा करून खळ्यावर धान्य घ्यावे, अशी ही व्यवस्था. काम सर्वांचेच आवश्यक, पण मान सारखा नाही. गावाची शीव महार दाखवीत असे. सीमेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची. राहायचे मात्र त्याने वेशीबाहेर. म्हणजे उतरंड कामाच्या मोलावरून ठरली नव्हती. जन्मावरून ठरली होती. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच जोखडाविरुद्ध. महार वतन नष्ट करणारा कायदा 1958 साली झाला. मुलकी पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून संपली.

मग आज मारुंजीसारख्या गावात उतरंड उरली नाही काय? हिंजवडीलगतच्या या मुळशी तालुक्यातील गावात शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. धान्याच्या कोठाराची जागा आता जमिनीने, पाण्याने आणि रस्त्याने घेतली आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा दिली, 1993 पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार दिला, आणि 2011 साली महाराष्ट्राने पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. पद आता वारशाने मिळत नाही. परंतु सभेस कोणी गेलेच नाही, हिशेब कोणी विचारलाच नाही, तर निवडून आलेले पदही हळूहळू वतनासारखे वागू लागते.

पुढारी नको, असे आमचे म्हणणे नाही. बंधारा घालायला तो लागतोच. आमचे म्हणणे एवढेच की, कोठाराची किल्ली ज्याच्या हाती दिली, त्याने ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष माप दाखवावे; आणि ते पाहायला जुन्या आळीतला शेतकरी व नव्या इमारतीतला मतदार, दोघांनीही हजर राहावे.