लेबल बदललं, पण कुठल्या फॉर्मवरचं?

सी-शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स शिकताना दुसऱ्या खिडकीतून पहिलीवरचं लेबल बदलायला मी ‘न्यू फॉर्म१’ लिहिलं. एरर नाही, बदलही नाही! तासभर डोकं खाजवलं. लेबल बदललं होतं हो, पण ‘न्यू’ने मेमरीत बनवलेल्या, कधी ‘शो’च न केलेल्या जुळ्या फॉर्मवरचं.

उपाय सोपा: दुसरा फॉर्म उघडताना कन्स्ट्रक्टरमधून ‘धिस’ द्यायचं आणि तो रेफरन्स तिथे जपून ठेवायचा. त्यासाठी लेबल पब्लिक करत बसू नका. मजकूर बदलणारी एक पब्लिक मेथड पुरते. व्हीबी डॉट नेटमध्ये २००५पासून नुसतं फॉर्मचं नाव लिहूनही भागतं, म्हणून तिकडची मंडळी सी-शार्पमध्ये आली की इथेच अडखळतात. दुसऱ्या खिडकीतून फक्त उत्तर हवंय? मग ‘शोडायलॉग’ संपल्यावर तिची प्रॉपर्टी वाचा, रेफरन्स तुमच्याच हातात असतो.