घरातला फोन शाळेच्या दप्तरात



बचत गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, परतफेड हे सगळं लिहून झालं, रजिस्टर मिटलं, की मग खऱ्या गोष्टी निघतात. आमच्या एका गटात अशीच गोष्ट निघाली. एक ताई म्हणाली, ‘‘माझी पोरगी हुशार आहे हो, पण फळ्यावरचं तिला दिसत नाही. बाईंना वाटतं तिचं लक्षच नाही.’’

पोरगी चौथीत. चष्मा होता, तरी दिसणं कमीच. चष्म्यानं याहून जास्त सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायची. शेजारीण गैरहजर असली की त्या दिवशी हिची वही कोरी. चाचणीत मार्क कमी पडले की घरचेही म्हणायचे, हिला डोकं नाही.

त्या दिवशी बैठकीत कुणी भाषण दिलं नाही. एका सुनेनं आपला फोन काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी ताणून मोठा केला. पोरगी बाहेर खेळत होती. तिला बोलावून दाखवलं. तिनं फोन नाकाजवळ धरला आणि कॅलेंडरमधली बारीक अक्षरातली तिथी वाचून दाखवली. आई रडायलाच लागली. इतकं सोपं होतं ते.

दिव्यांग मुलांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याला वाटतं, मोठं यंत्र लागेल, पुण्या-मुंबईला जावं लागेल. काही मुलांना लागतंही. पण बरीच साधनं आपल्या साध्या फोनमध्ये आधीच बसवलेली असतात आणि आपल्याला ती माहीत नसतात. म्हणून आज त्यावर बोलू.

एक गोष्ट मात्र आधी. फोनच्या मागे लागण्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घ्या. नुसता चष्मा किंवा श्रवणयंत्र मिळालं तरी कितीतरी मुलांचं काम भागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथक येणार त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पाहुणे आलेत, बाजार आहे, असलं कारण सांगू नका.

आता फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो. त्यापुढे बहुतेक वेळा हात पसरलेल्या माणसाचं चित्र असतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तो ‘अतिरिक्त सेटिंग्ज’च्या आत लपलेला असतो, थोडं शोधावं लागतं. तिथे अक्षर मोठं करता येतं. पांढऱ्यावर काळं असतं ते उलटं करून काळ्यावर पांढरं करता येतं. ज्यांच्या डोळ्यांवर उजेड येतो त्यांना ते फार बरं पडतं. पडद्याचा एखादाच भाग भिंगासारखा मोठा करण्याची सोय असते. ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू केलं की ज्या मजकुरावर बोट ठेवाल तो फोन वाचून दाखवतो.

ज्या मुलाला अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी तिथेच ‘टॉकबॅक’ आहे. बोट जिथे जाईल तिथलं नाव फोन बोलतो, मराठीतही बोलतो. पण सावध राहा. टॉकबॅक सुरू झालं की फोनची सगळी रीतच बदलते. एकदा टिचकी मारली तर तो नुसतं नाव सांगतो, उघडायचं तर दोनदा मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. माझ्या हातून हे एकदा चुकून सुरू झालं आणि अर्धा तास माझा फोन माझ्यावरच ओरडत होता. सासूबाई म्हणाल्या, भूत शिरलं. बऱ्याच फोनमध्ये आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं तीन सेकंद एकदम दाबून ठेवली की ते बंद होतं. शिकायला दोन-तीन आठवडे लागतात. मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

छापील पुस्तकाचं काय? बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती फोनमध्ये उतरवली की हवी तेवढी मोठी करून वाचता येतात. शिवाय धड्यांजवळ तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो ना, तो ‘दीक्षा’ ॲपमधून धरला की धड्याचा आवाज किंवा चित्रफीत उघडते. ही कल्पना आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात असे कोड घालून पाहिले आणि पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले. त्यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिलं. ते जाहीर झालं 3 डिसेंबरला, म्हणजे नेमकं जागतिक दिव्यांग दिनाच्या दिवशी. हा योगायोगच, पण मला तो आवडतो.

तरी कोड आहे म्हणजे सगळं झालं असं नाही. चित्रफितीतले सर ‘‘हे बघा, इथून इथपर्यंत’’ असं म्हणत असतील, तर न दिसणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? शेजारी बसून कुणीतरी ‘‘इथून म्हणजे नदीपासून’’ असं सांगायला हवं. हे काम वर्गातलं दुसरं मूल करू शकतं, फक्त बाईंनी तसं सांगून ठेवायला हवं. आणि न दिसणाऱ्या मुलानं ब्रेल सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसतं ऐकून धडा कळतो, पण शब्द कसा लिहायचा, वेलांटी पहिली की दुसरी, हे बोटाखाली अक्षर आल्याशिवाय कळत नाही. मराठीत 2008 पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक निघालं, ते काही उगाच नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलांचं वेगळं. ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ नावाचं ॲप आहे. समोरचा मराठीत बोलतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात. ज्या मुलाला वाचता येतं त्याला वर्गात हे वरदान आहे. पण त्याला चांगलं इंटरनेट लागतं, वर्गात गलका असला की काहीही लिहितं आणि आपल्या नगरी बोलीवर तर ते अडखळतंच. शिक्षकांनी फोनजवळ उभं राहून सावकाश बोललं तर बरं चालतं. जे मूल जन्मापासून ऐकत नाही आणि अजून वाचतही नाही, त्याला मात्र अक्षरांचा काही उपयोग नाही. त्याला आधी खुणांची भाषा हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. प्रत्येक शब्दाची खूण चित्रफितीत दिसते आणि हे सगळं फुकट आहे. रोज पाच खुणा आईनं, बाईंनी आणि वर्गातल्या मुलांनी मिळून शिकायच्या. एकट्या मुलानं शिकून तो बोलणार कुणाशी?

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी जे आहे ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइन विभागानं ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप केलं आहे. ते मराठीतही आहे. पडद्यावर चित्रं असतात: खाणं, खेळ, माणसं, जागा, मदत. दोन्ही कडांना बटणं असतात: आवडतं, हो, आणखी, आवडत नाही, नको, कमी. मुलानं चित्रावर बोट ठेवून कडेचं बटण दाबलं की फोन त्याच्या वतीनं बोलतो. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाचं बोलणं नसतं, पण त्याला म्हणायचं खूप असतं. लघवीला जायचंय हे सांगता येत नाही म्हणून कपडे खराब होतात, इतर मुलं हसतात आणि आई म्हणते, नकोच ती शाळा. शाळा सुटायला एवढंसं कारण पुरतं. वर्गात फोन नसेल तर हीच पद्धत पुठ्ठ्यावर करा. शौचालय, पाणी, भूक, दुखतंय, हो, नाही अशी सहा चित्रं चिकटवा आणि पुठ्ठा दप्तराला दोरीनं बांधा. त्याला ना चार्जिंग लागतं ना रेंज.

वाचताना अक्षरं उलटसुलट करणारी, तिसरी-चौथीतही अडखळणारी मुलं असतात. सगळी आळशी नसतात. अध्ययन अक्षमता ही कायद्यानं मानलेली दिव्यांगता आहे. गूगलचं ‘रीड अलाँग’ अशा मुलांच्या कामाला येतं. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि चुकलेला शब्द पुन्हा म्हणून दाखवतं. मराठी गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतं. मोठं म्हणजे ते वैतागत नाही. आपण वैतागतो.

आता खरी अडचण. फोन कुणाचा? घरात फोन एकच आणि तो कारभाऱ्याच्या खिशात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात, फोन कोयत्याबरोबर कारखान्यावर जातो आणि मूल आजीजवळ राहतं. मग तुम्ही कितीही ॲप सांगा. त्या चौथीतल्या मुलीच्या बाबतीत गटानं अंतर्गत कर्जातून जुना फोन घ्यायला पैसे दिले. एक जण म्हणालीच, ‘‘शेळीला कर्ज देतो ते ठीक, मोबाईलला कसलं?’’ त्यावर अध्यक्षा म्हणाल्या, ‘‘चष्म्याला दिलं नसतं का?’’ ठराव झाला. फोनमध्ये सिमकार्ड घातलंच नाही. पुस्तकं उतरवून दिली, कॅमेरा तर आहेच. सिम नाही म्हणून रील नाही आणि कुणी मागायलाही येत नाही.

पुढची अडचण शाळेची. ‘‘शाळेत मोबाईल चालणार नाही,’’ असं स्पष्ट सांगितलं गेलं. त्यांचंही पूर्ण चूक नाही, एकाला दिला की सगळे मागतात. मग विषय शाळा व्यवस्थापन समितीत नेला. मैत्रिणींनो, शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. तुमच्या गटातली कुणीतरी तिथे असतेच, फक्त सही करून परत येते. आमच्या त्या ताईनं सही करायच्या आधी बोलून घेतलं. ठरलं असं: फोन बाईंच्या टेबलावर राहील, फळा लिहून झाला की बाई स्वतः फोटो काढतील आणि मुलीकडे देतील, सुट्टीला फोन परत टेबलावर. पहिल्या आठवड्यात बाई दोनदा विसरल्या. तिसऱ्या वेळी वर्गातल्या मुलांनीच आठवण केली.

हे कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही, हेही माहीत असू द्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत. आधीच्या 1995 च्या कायद्यात त्या सातच होत्या. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य ती सहायक साधनं मोफत मिळावीत, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर होतो आणि कार्डासाठी सरकार पैसे घेत नाही. कुणी ‘‘करून देतो, दोन हजार द्या’’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारे विशेष शिक्षक असतात, त्यांना नावानिशी जाऊन भेटा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. यंदा ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. एका टॅबचं काम त्यातूनही होऊ शकतं.

आणि एक विनंती. मुलाला साधन मिळालं की त्याचा फोटो, त्याचं प्रमाणपत्र गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. हार घालून सत्कारही नको. आपण चष्मा लावला म्हणून कुणी आपला सत्कार करत नाही.

ती मुलगी आता चौथी संपवून जूनमध्ये मोठ्या शाळेत जाणार आहे. तिथे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. म्हणजे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार. तिच्या आईनं त्याची तयारी केली आहे. वहीच्या एका पानावर तिनं मुलीकडून लिहून घेतलंय: मला पहिल्या ओळीत, खिडकीकडे पाठ करून बसवा. फळ्यावर लिहिताना मोठ्यानं म्हणा. फळा पुसण्याआधी मला फोटो मिळू द्या. त्या पानाच्या सहा झेरॉक्स काढून आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या आहेत.